रोहिणी मॅडमचं नववं पान

फोटो काढायच्या आधी रोहिणी मॅडम मोबाईलच्या काचेवर तोंडानं वाफ सोडायच्या आणि ओढणीच्या टोकानं पुसायच्या. दहा फोटो काढायचे असले तर दहा वेळा. त्यांची एक मोरपंखी ओढणी होती, ती टोकाशी पार विटून गेली होती, तरी त्या तीच घालून यायच्या. मी किचनशेडच्या दारातून बघायची आणि मनात म्हणायची, एवढं काय पुसायचं असतं त्या काचेत.

मला त्या आवडत नव्हत्या. हे मी कधी कुणाला बोलले नाही. आज लिहिते आहे.

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. शाळा चौथीपर्यंत आहे. वरूड इथून जवळ, त्यामुळे संत्र्याच्या बगीचेवाल्यांची मुलं पिवळ्या गाडीत बसून तिकडच्या कॉन्व्हेंटला जातात. आमच्याकडे उरतात ती भाजी विकणाऱ्यांची आणि संत्रा तोडायला जाणाऱ्यांची. माझी तेजू त्यातलीच एक. आम्ही थोड्या जागेत मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावतो आणि हंगामात मी दुसऱ्यांच्या बगीच्यात तोडायला जाते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा बंद होतो. पण लेकरांपुढे तसं होत नाही. जेवणं झाली की तेजू आणि चार-पाच पोरी माझ्याजवळ लसूण सोलत बसायच्या आणि मी त्यांना काहीबाही सांगायची. कोणत्या वांग्याला अळी लागते, कोणता पक्षी कुठे अंडी घालतो. दिवसातला तेवढाच वेळ मी मोठ्यानं बोलायची.

मॅडम आल्या आणि तो वेळ गेला.

त्या अमरावतीच्या. वरूडला खोली करून राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. शाळेत पाय ठेवल्याबरोबर त्यांना कळलं की किचनशेडच्या मागचा ओटा फोटोला फार चांगला आहे. सकाळी दहाच्या सुमारास तिथं उजेड येतो आणि सावली पडत नाही. तिथं मी तांदूळ निवडायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ताई, एक मिनिट जागा देता का? मी परात उचलली. मॅडमचं एक मिनिट म्हणजे अर्धा तास, हे मला नंतर कळलं. लेकरांनी काढलेली चित्रं, लिहिलेले कागद त्या ओट्यावर ओळीनं मांडायच्या, कोपऱ्यांवर खडे ठेवायच्या, मग बाकावर चढून वरून फोटो काढायच्या. सगळे फोटो मोबाईलमध्ये एकाखाली एक लावून, त्यांच्या खाली मजकूर लिहून, इंटरनेटवरच्या एका जागी टाकायच्या. तिथं त्याचं पुस्तक व्हायचं. खऱ्या पुस्तकासारखं, शाळेच्या टीव्हीवर नाहीतर टॅबवर दिसणारं. बोटानं सरकवलं की पान उलटायचं आणि फर्र असा आवाज यायचा. मॅडम त्याला फ्लिपबुक म्हणायच्या. लेकरं फर्रपुस्तक म्हणायची.

पहिलं फर्रपुस्तक आलं तेव्हा लेकरांनी एक गंमत केली, ती आठवली की अजून हसू येतं. टॅब हातात आला की प्रत्येक पोरगं आधी बोट जिभेला लावायचं, मग पान सरकवायचं. घरी बाप नाहीतर आजोबा पोथीचं पान तसंच उलटतात ना. टॅबची काच थुंकीनं चिकट व्हायची. मॅडम पुसून पुसून थकल्या. अरे बाबांनो, हे कागद नाही, म्हणायच्या. आठ दिवसांनी वर्गात त्या स्वतः घाईघाईत एक पान दाखवत होत्या आणि त्यांचंच बोट जिभेकडे गेलं. सगळा वर्ग बघत होता. त्यांनी बोट तसंच हवेत धरलं आणि म्हणाल्या, मलेही लागली का तुमची सवय. वर्ग इतका हसला की मी खिचडीचा गंज तसाच चुलीवर सोडून बघायला गेले. तेजू तर बाकावर आडवी पडून हसत होती. माझ्या कोणत्या बोलण्यावर ती अशी हसली होती, ते मी आठवायला लागले. नाही आठवलं.

शाळेत नेट यायचं नाही. यायचं फक्त मारुतीच्या ओट्यावर, तेही उत्तरेच्या टोकाला; एकदा तिथं मोबाईलवर उतरवून घेतलं की पुस्तक मग कुठेही उघडायचं. त्यामुळे पुस्तक इंटरनेटवर टाकायचं असलं की शाळा सुटल्यावर मॅडम तिथं जाऊन बसायच्या, म्हाताऱ्यांच्या शेजारी. म्हातारे आधी बावरले. मग रोजचं झालं. कुठवर आलं मॅडम, असं विचारायचे. मॅडम सांगायच्या, साठ टक्के. थोड्या वेळानं, ऐंशी टक्के. आणि बरोबर नव्वदच्या वर गेलं की त्यांच्या आईचा अमरावतीहून फोन यायचा, जेवली का म्हणून. फोन आला की नेट तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आई, मी जेवली, उद्याची पण जेवली, आता दोन घंटे फोन नको करू." म्हातारे ते वाक्य अजूनही एकमेकांना म्हणून दाखवतात. गावात इतकी वर्षं राहून मी त्या ओट्याजवळून पदर ओढून जाते. आणि ही बाई सहा महिन्यांत तिथं मांडी घालून बसली.

तेजू घरी आली की मॅडम, मॅडम. मॅडम म्हणतात नखं कापा. मॅडम म्हणतात केसांना एवढं तेल नको. माझ्या हातानं वेणी घालायची तर डोकं हलवायची, मॅडमसारखी वरून बांध म्हणायची. मॅडमच्या हाताला कसला तरी छान वास येतो म्हणाली. माझ्या हाताला कांद्याचा आणि धुराचा येतो. तिनं तसं म्हटलं नाही, पण मी हात पाठीमागे घेतले.

मग एक पुस्तक निघालं, त्याचं नाव मला आवडणारं माणूस. प्रत्येकानं एक पान लिहायचं होतं. बहुतेकांनी आई लिहिली, दोघांनी आजी, एकानं बैल लिहिला आणि मॅडमनी तोही ठेवला. तेजूनं मॅडम लिहिल्या. मोरपंखी ओढणीसकट चित्र. तिच्या बाबांच्या मोबाईलवर ते पान तिनंच मला उघडून दाखवलं आणि विचारलं, चांगलं झालं का. मी म्हटलं, हो. मग बाहेर जाऊन सगळ्या वाफ्यांना पाणी दिलं. सकाळीच दिलं होतं.

मला मॅडमची चूक पाहिजे होती. कशीही, एक तरी. आणि ती मला घरबसल्या मिळाली.

तेजू चौथीत होती, हिवाळ्याचे दिवस होते. मॅडमनी नवं पुस्तक काढायला घेतलं, आमचा संत्रा. लेकरांना घेऊन बगीचे हिंडल्या, फोटो काढले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ते सगळ्या गावाला शाळेच्या टीव्हीवर दाखवायचं होतं. आठ दिवस आधी तेजू मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसली.

"आई, मॅडमनं म्हटलं आईले दाखवजो. काई चुकलं असन तं सांग म्हणा. तुले बगीच्यातलं समजते ना."

मी एक एक पान बघितलं. वाचायला मला वेळ लागतो, पण वाचता येतं. नवव्या पानावर देवराव भाऊंचा बगीचा होता. पानं वळलेली, मरगळलेली, खाली जमीन भेगाळलेली. आणि मजकूर होता: पाणी न मिळाल्यामुळे ही बाग सुकली आहे. झाडांना वेळेवर पाणी द्या.

आमच्याकडचं शेंबडं पोर असलं आणि त्याच्या बापाचा बगीचा असला, तर तेही हसेल. देवराव भाऊंचा बगीचा ताणावर होता. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, घ्यायचा असला की हिवाळ्यात झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड थकतं, पानं वळतात, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. ताण न देता नुसतं पाणी देत राहिलं तर झाड हिरवंगार राहतं, पण फूल धरत नाही. मी त्याच बगीच्यात किती वर्षं तोडायला जाते. कोणत्या झाडाला किती ताण बसला ते मी पान हातात घेऊन सांगू शकते.

तेजू माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं.

"मले काय समजते वो, चौथी शिकलेल्या बाईले. मॅडमनं लिहिलं म्हणजे बरोबरच असन."

तेजूनं मान हलवली आणि मोबाईल बंद केला. मला आतून बरं वाटलं. भाजी निवडताना मी गुणगुणतही होते.

सव्वीस जानेवारीला शाळेचं अंगण भरलं. टीव्ही व्हरांड्यात आणला होता. मॅडम पानं उलटत होत्या, फर्र आवाज आला की लोक माना हलवत होते. सातवं पान, आठवं पान. नववं आलं आणि आधी मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग पुढचे हसले. देवराव भाऊ शाळेच्या समितीचे अध्यक्ष, ते खुर्चीतून उठले.

"मॅडम, माया बगीचा सुकला म्हणून कोण म्हणते? ताणावर सोडला म्या त्याले. पाणी नाई तोडलं तं फूल कुठून येईन? आता पोट्ट्याईले शिकवा, देवरावनं झाडं मारली म्हणून."

लोक खूप हसले. कॉन्व्हेंटवाली पोरं तर टाळ्या पिटत होती. मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण त्या पळाल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊ, माझं चुकलं, मला माहीत नव्हतं, विचारून लिहायला पाहिजे होतं. पान बदलते. आणि पुढचं पान उलटलं. घाईत दोन पानं एकदम गेली.

विचारून लिहायला पाहिजे होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं होतं. मी गर्दीच्या कडेला, किचनशेडच्या भिंतीला टेकून उभी होते. तेजू लेकरांच्या रांगेत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

घरी आल्यावर तिनं दप्तर ठेवलं आणि विचारलं.

"तुले माहीत होतं ना?"

"हो."

"मंग काहून नाई सांगितलं?"

 लेकराला काय सांगायचं, की तू तिची झालीस म्हणून? ती मग उठून बाहेर गेली.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शाळेत रांगेत उभी राहायची, ताट पुढे करायची, खिचडी घेतली की खाली मान घालून जायची. तिखट लागली का, अजून वाढू का, कशालाच उत्तर नाही. घरी बाबांशी बोलायची. मी वेणी घालायला बसले तर डोकं हलवायची नाही, अगदी मुकाट बसायची. त्यापेक्षा डोकं हलवलेलं बरं होतं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, हे असंच राहिलं तर? पुढच्या वर्षी ही पाचवीला वरूडला जाईल, मग आणखी पुढे. माझ्याबद्दल मनात हे एवढंच घेऊन जाईल.

चौथ्या दिवशी भांडी घासून झाली तशी मी मॅडमच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. लेकरं घरी गेली होती. मॅडम एकट्या कागद लावत होत्या. मी हात पदराला पुसत होते. त्यांनी वर बघितलं, पण काय पाहिजे म्हणून विचारलं नाही. नुसत्या थांबल्या.

"मले ताणाचं माहीत होतं," मी म्हटलं. "तेजूनं दाखवलं होतं. म्या मुद्दाम नाई सांगितलं."

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. "मला समजलं होतं ताई," त्या म्हणाल्या. "तेजू म्हणाली, आईनं पाहिलं आणि बरोबर आहे म्हटलं. तुम्ही इतकी वर्षं बगीच्यात जाता. तुम्हाला दिसलं नाही असं कसं होईल?"

"मंग त्या दिवशी तुमी काहून नाई बोलल्या?"

"तिथं तुमची पोरगी उभी होती ना," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर तुमचं नाव घेऊ का?" मग म्हणाल्या, "राग आला होता मला. लय आला होता. घरी जाऊन जेवली नाही मी. आईचा फोन आला तर खोटं सांगितलं."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी तिथं उभी होते आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, चांगलं वागण्यातही ही माझ्या पुढे निघून गेली. माझं लेकरू हिच्यामागे जातं यात लेकराची काही चूक नाही.

मॅडमनी बाक ओढला. बसा म्हणाल्या. पान नऊ तुम्ही सांगा. त्या पुस्तकात पानावर आवाजही टाकता येतो म्हणे. तिथं बोट लावलं की माणूस बोलतं. मी म्हटलं, नाही जमत मला. त्या म्हणाल्या, आज मला घाई नाही. मोबाईलच्या काचेवर वाफ सोडून त्यांनी तो पुसला. आवाज भरायला काच पुसायची काय गरज होती, पण पुसला. आणि माझ्या तोंडापुढे हात लांब करून धरला, कान माझ्याकडे करून. सहा वेळा मी अडकले. सातव्यांदा त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या आणि मी बोलले. पान कसं वळतं, सकाळी परत सरळ होतं तोवर झाडाला सोसतं, सकाळीही सरळ झालं नाही की समजायचं आता पुरे, पाणी सोडायचं. पहिलं पाणी हलकं द्यायचं. मग पंधरा-वीस दिवसांत फुलाचा वास रस्त्यापर्यंत येतो. मॅडमनी मध्ये एक शब्द काढला नाही. मी थांबले तरी त्यांचा हात तसाच होता, मी आणखी काही बोलेन म्हणून. म्हणून मी आणखी बोलले.

दुसऱ्या दिवशी खालचा मजकूरही बदलला. देवराव भाऊंना पुस्तक पुन्हा दाखवलं. आवाज कुणाचा आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. या गावात माझा आवाज माहीत असलेली माणसं थोडीच आहेत. तेजूला ओळखू आला. संध्याकाळी ती बाबांचा मोबाईल घेऊन आली, माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि ते पान लावलं. संपलं की पुन्हा लावलं. मी चूल फुंकत राहिले. चौथ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "आई, पहिलं पाणी हलकं काहून देतात?"

मी सांगायला लागले.

त्या उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. त्यांच्या नवऱ्याची नोकरी अकोल्याला होती आणि त्या कधीपासून तिकडे जायची वाट बघत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. पातूर तालुक्यातलं एक गाव मिळालं. निरोपाच्या दिवशी सगळी पोरं रडली. मी खिचडीऐवजी शिरा केला होता आणि तो वाढायच्या कामात राहिले. जाताना त्या किचनशेडमध्ये आल्या, मी शिऱ्याची वाटी पुढे केली आणि त्यांनी मला बोलायला लावलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. माझी बहीण पातूरकडे दिली आहे. तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, म्हणून हिवाळ्यात मी आणि तेजू गेलो होतो. परत निघालो तेव्हा बहिणीच्या जाऊबाई म्हणाल्या, तुमच्याकडच्या मॅडम इथं पुढच्याच गावात आहेत. तेजूनं हट्ट धरला, म्हणून त्या गावाच्या फाट्यावर उतरलो. शाळा रस्त्याला लागूनच होती. फाटक उघडं होतं.

शाळेच्या बाजूला झेंडूचं वावर होतं आणि कुंपणाशी एक बाई बसली होती, फुलांची टोपली मांडीशी घेऊन. माझ्याच वयाची असेल. पदर दातात धरलेला. तिच्यासमोर मातीतच रोहिणी मॅडम बसल्या होत्या. ओढणी नवी होती. हात लांब करून त्यांनी मोबाईल त्या बाईच्या तोंडापुढे धरला होता आणि कान तिच्याकडे केला होता.

तेजू पळायला निघाली. मी तिचा हात धरला.

"थांब. त्या बाईचं बोलणं होऊ दे."

बाईनं दातातला पदर सोडला होता. ती एक फूल उलटं धरून काहीतरी दाखवत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. आता कुणी हाक मारली असती तर ती गप्प झाली असती आणि आज काही पुन्हा बोलली नसती. ते मला माहीत होतं. तेजूनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि हात ओढायचा सोडून दिला.

आम्ही रस्त्याच्या या बाजूला उभ्या राहिलो. ऑटो आला, तेव्हाही ती बाई बोलत होती. पुढच्या ऑटोला फार वेळ होता आणि अकोल्याहून आमची एसटी सुटली असती, म्हणून आम्ही बसलो. मागे वळून बघितलं तर मॅडमचा हात तसाच लांब होता. माझ्या वेळी त्यांनी तो इतका वेळ धरला होता का, ते मी अकोला येईपर्यंत आठवत राहिले.